डुकरांसाठी लावलेली तार

केनवडात भित्र्या माणसाचा विषय निघाला की गोजराबाईचं नाव पहिलं येतं, आणि त्यात आपण काही वाईट बोललो असं कुणाला वाटतही नाही. एखादी बाई उंच असते, एखादी तोंडाळ असते, तशी गोजराबाई भित्री. ती बैलाला भिते, वानरांना भिते, मळणीयंत्राच्या पट्ट्याला भिते. गॅसची शेगडी बंद केली तरी अंगणातून परत येऊन बटन पाहते. रिसोडच्या बाजाराला जायचं तर जीपमध्ये बसण्याआधी ड्रायव्हरच्या तोंडाकडे निरखून बघते, की हा झोपेला आलेला तर नाही. एकदा एका ड्रायव्हरनं विचारलंच, "काकू, सोयरीक पाहून राह्यल्या काय?" तर ही खाली उतरली आणि पुढच्या जीपनं गेली.

तिच्या माहेरची माणसं मात्र सांगतात की धनजला असताना ही पोरगी अशी नव्हती. चिंचेच्या शेंड्यावर चढून बसायची, नाल्याला पूर आला की सगळ्यात पुढे उभी. लग्न होऊन केनवडला आली, पहिली लेक वैजयंती झाली, आणि मग लागोपाठची दोन बाळं हाती लागली नाहीत. त्यानंतर प्रज्वल झाला. तो जगला. तेव्हापासून जी भीती तिच्या अंगाला चिकटली ती काही गेली नाही. पोरगं पाळण्यात झोपलेलं असलं तरी ती नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. रामरावानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आधी समजावलं, मग रागावून पाहिलं, आणि मग सोडून दिलं. बाईला भ्यायचंच असेल तर भिऊ द्या, स्वयंपाक तर करते ना, असा त्याचा हिशेब.

आता अशा बाईच्या पोरानं कुठे जावं? वाशीमला, अकोल्याला, फार तर पुण्याला. हा गेला जर्मनीला.

तिकडे शिकायला गेला आणि तिकडेच पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागला. नदीकाठचं लहानसं गाव, चार बिऱ्हाडांची इमारत, त्यात वरच्या मजल्यावर एक खोली. पहिल्या हिवाळ्यात फोनवर त्याचा आवाज बसलेला यायचा. सर्दी आहे म्हणायचा, पण आईला सर्दीचा आवाज आणि रडून उठलेला आवाज यातला फरक कळतो. हळूहळू त्यानं सांगितलं की सोमवार ते शुक्रवार काही नाही वाटत, कामात दिवस जातो. पण रविवार खायला उठतो. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. एका रविवारी त्यानं शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावला, तर खालची म्हातारी दार वाजवून सांगून गेली की रविवारी आवाज करायचा नसतो.

"आवाज करायचा नाई म्हंजे?" गोजराबाईला धसकाच बसला. "अन् पोरगं घरात पडलं-झडलं तर ओरडन कसं?"

मग एका मित्रानं त्याला डोंगरात चालायला नेलं. प्रज्वलनं जाड तळाचे बूट घेतले, पाठीवरची पिशवी घेतली, आणि दर रविवारी तो द्राक्षांच्या डोंगरात फिरायला जाऊ लागला. तिथे म्हणे लोक सुटीच्या दिवशी मुद्दाम पायी चालतात, म्हाताऱ्या बायासुद्धा हातात दोन दोन काठ्या घेऊन. रामरावाला हे काही केल्या पटेना. "हौसेनं पायी? आमी जलमभर वावरात पायीच हाओत, आमचा नाई कोनी फोटो काढला."

पण गोजराबाईचं आयुष्य त्या बुटांनी बदललं, हे खरं. कारण प्रज्वल एकटा चालत नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी आला की फोन लावायचा. "चाल माय, माह्यासंगं." ही ओट्यावर बसून फोन डब्याला टेकवायची, पुढ्यात तुरीची डाळ निवडायला घ्यायची, आणि माय-लेक चालायला लागायचे. आठवडाभर परक्या भाषा बोलून त्याची जीभ आखडलेली असायची. इथं आला की तो मोकळा वऱ्हाडी बोलायचा. आपण नाशिकच्या द्राक्षबागा म्हणतो त्या सपाटीवरच्या. हा डोंगर तर घराच्या भिंतीसारखा उभा, आणि त्याच्यावर वेलींच्या ओळी वरून खाली ओढलेल्या. पायाखाली काळ्या खापऱ्यांसारखे सुटे दगड, आणि खाली, फार खाली, नदी वळण घेऊन गेलेली. तोडलेली द्राक्षं वाहायला डोंगरावर एका रुळावरून इवलीशी गाडी चढायची. प्रज्वल ती दाखवायचा आणि गोजराबाई डोळे मिटून घ्यायची, कारण गाडीत बसलेला माणूस आत्ता उलटा पडेल असं तिला वाटायचं.

"खाली पाहून चाल."

"पाहून राह्यलो माय."

"फोनात नोको पाहू. दगडात पाय."

"दगडात पाह्यलं तर तुले दिसन काय?"

असं चालायचं. तिला भीती वाटायची आणि तरी ती रविवारची वाट पाहायची. आठवडाभर दुसरं काही तिला इतकं जवळचं नव्हतं.

द्राक्षं पिकायला आली तशा वाटेवर दारू विकणाऱ्या टपऱ्या लागू लागल्या. टपऱ्या कसल्या, फुलांच्या कुंड्या ठेवलेल्या, बायामाणसं बाकावर बसून पितात. एकदा प्रज्वलच्या हातात गढूळ पिवळा पेला दिसला. गोजराबाईनं विचारलं तर म्हणाला, "रस हाय माय, द्राक्षाचा."

"रसच पे मंग. आंबलेला नोको पेऊ."

तो हसला, जरा जास्तच वेळ हसला. तिला काय समजायचं ते समजलं. रामरावाला ती यातलं एक अक्षर बोलली नाही. पण त्या दिवसापासून भीतीत आणखी एक भर पडली. उभा डोंगर, सुटे दगड, आणि पोराच्या पोटात तो रस.

आता केनवडातल्या दुसऱ्या भीतीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ती खरी होती. बाकीच्या भीतींवर गाव हसायचं, हिच्यावर कुणी हसत नव्हतं.

आपल्याकडे रानडुकरांनी शेतकऱ्याला किती पिडलं आहे ते शेती करणाऱ्यालाच ठाऊक. कळपच्या कळप येतो आणि सकाळी बघावं तर उभं पीक लोळवलेलं. त्यावर काही लोक उपाय करतात. वावराभोवती गुडघ्याइतकी उंच बारीक तार फिरवायची आणि दिवस बुडाला की बांबूला आकडा बांधून विजेच्या खांबावरच्या तारेवर टाकायचा. सगळा करंट थेट त्या तारेत. डुक्कर शिवलं की जागेवर आडवं. सकाळी आकडा काढून घ्यायचा, म्हणजे कुणाला दिसत नाही. हे कायद्यानं चालत नाही हे लावणाऱ्यालाही माहीत असतं.

गेल्या वर्षी अशाच एका तारेवर ग्यानबा गेला. गावची गुरं राखायचा. एक वासरू मागे राहिलं म्हणून अंधारात शोधायला गेला आणि शेजारच्या शिवारात सकाळी सापडला. पोलीस यायच्या आत तार नाहीशी झाली होती. कुणाची होती ते अख्ख्या गावाला माहीत आणि कुणालाच माहीत नाही. ग्यानबाची बायको बेबीबाई गोजराबाईच्या समोरच राहते. तेरवीपर्यंत गोजराबाईनं तिच्या घरी भाकरी पोचवली.

आणि यंदा रामरावानं तार आणली.

सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला आलं होतं आणि डुकरांनी नाल्याकडचा कोपरा पार नासवला होता. रामराव माणूस वाईट नाही. पण त्या कोपऱ्यात उभा राहून आला त्या दिवशी त्याचं डोकं फिरलेलं होतं. गोजराबाई एवढंच म्हणाली, "अवो, ग्यानबाचं पाह्यलं ना आपन."

"म्या काय मानसासाठी लावून राह्यलो? डुकरांसाठी हाये ते. अन् प्रज्वलले सांगू नोको, तो तिकून शिकवन मले."

ती गप्प बसली. नवऱ्याला भिणं ही तर तिची सगळ्यात जुनी सवय. फक्त दिवस कलला की ती वावराकडे जायची बंद झाली, आणि संध्याकाळी दारात उभी असताना समोर बेबीबाई दिसली की नजर खाली घालू लागली.

तर तो रविवार. ऊन उतरत होतं. रामराव वावरात होता. गोजराबाई डाळ निवडत होती आणि प्रज्वल डोंगरावर चालत होता. तिकडे अजून भर दुपार होती. द्राक्षांची तोडणी सुरू होती, माणसं पाठीवर टोपल्या घेऊन उतारावर उभी होती. प्रज्वल खुशीत होता, आणि त्याच्या खुशीत गोजराबाईला त्या पेल्याचा वास येत होता.

"माय, हे पाय. गंमत दाखवतो तुले. इथी बी डुकरं हायेत."

त्यानं फोन खाली वळवला. वेलींच्या शेवटच्या ओळीपलीकडे झाडी होती, आणि झाडीच्या कडेनं, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक तार गेली होती.

गोजराबाईच्या हातातली डाळ सुपात पडली.

"द्राक्षं खायाले येतात. म्हनून करंट सोडतात तारेत."

"दूर हो. प्रज्वल, दूर हो तठून."

"अवं काई होत नाई. तू लय भेतं. आज तुयी भीती मोडतोच म्या. पाय हं, बोट लावून दाखवतो."

"नोको रे बाबा, प्रज्वल, नोको—"

तिला त्याचं बोट दिसलं. मग खट् असा आवाज, त्याचं ओरडणं, आभाळ, दगड, पुन्हा आभाळ, आणि फोन काळा झाला.

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. फोनातली बाई कुठल्याशा भाषेत काहीतरी सांगायची आणि बंद. तिसऱ्यांदा तर भलतीकडेच लागला. ओरडावं असं वाटत होतं, पण ओरडलं की ते खरं होईल असंही वाटत होतं. ग्यानबाला आणलं तेव्हा त्याची मूठ बंद होती, बोटं काळी पडली होती. ती तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आता त्या मुठीच्या जागी तिला प्रज्वलची मूठ दिसू लागली.

वैजयंती रिसोडला दिलेली. तिला फोन लावला. तिनं आधी आईला दटावलं, रेंज गेली असेल, बॅटरी गेली असेल, तू उगीच जीव टांगणीला लावून घेते. मग तिनं स्वतः भावाला फोन लावून पाहिला, आणि परत आईला लावला तेव्हा तिचा आवाज पातळ झाला होता. "आई, त्याच्या एका मित्राचा नंबर हाय माह्यापाशी. इचारतो. तू बसून राय. एकटी नोको बसू, कोनाले तरी बोलाव."

बोलवायची गरज नव्हती. समोरून बेबीबाई येत होती. गोजराबाई ओट्यावरून खाली कशी आली आणि अंगणात मातीत कशी बसली ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. बेबीबाईनं तिला दंडाला धरून उठवलं, पाणी पाजलं, आणि विचारलं, "काय झालं वो बाई?"

"पोराले तार लागली. करंटची."

बेबीबाईच्या हातातला गडवा तसाच राहिला. मग म्हणाली, "कोनाची तार?"

"काय माईत. तिकडल्या कोन्या शेतकऱ्याची."

"त्यानं डुकरांसाठी लावली असन," बेबीबाई म्हणाली. "त्याले काय ठाऊक, पोरगं येईन म्हनून."

टोमणा नव्हता तो. बेबीबाईला टोमणे मारता येत नाहीत. ती खरोखर समजूत घालत होती, आणि गोजराबाईचं काळीज तिथेच फाटलं. कारण हेच वाक्य रामराव बोलला होता, आणि ते ऐकून ती भाकरी थापायला बसली होती. आता कुठल्या तोंडानं देवाला सांगायचं, की माझं लेकरू वाचव? त्या शेतकऱ्याच्या घरीही एक बाई असेल. तिलाही माहीत असेल. तीही गप्प बसली असेल.

तिनं रामरावाला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. रामराव फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. कुणाशी बोलतोय एवढा वेळ? तिकडचे पोलीस असतील. कारखान्यातली माणसं असतील. अशा बातम्या बापालाच आधी कळवतात. ती वावराकडे पळत सुटली.

पन्नाशी ओलांडलेली बाई, एका पायात चप्पल आहे, एका पायात नाही, पदर खांद्यावरून घसरलेला, गावाबाहेरच्या गाडवाटेनं पळत होती. बेबीबाई मागून हाका मारत होती त्या तिला ऐकू आल्या नाहीत. दिवस बुडाला होता. अजून दिसत होतं, पण जवळचंच. पळता पळता ती देवाशी भांडत होती, नवस बोलत होती, आणि मध्येच प्रज्वलला रागावत होती, की सांगितलं होतं ना तुला, आंबलेला पेऊ नको. वाटेनं गेलं तर वळसा पडतो, म्हणून ती नाल्यात उतरली, पलीकडची दरड चढली, आणि सोयाबीनच्या कोपऱ्यावर निघाली. डुकरांनी नासवलेला तोच कोपरा.

विहिरीजवळ रामराव उभा होता. फोन कानाला होता.

"अवो! काय म्हन्तात ते? प्रज्वल कसा हाये?"

त्याला ऐकू गेलं नाही. ती तशीच पुढे धावली.

मग त्यानं मान वळवली, आणि त्याचा जो आवाज आला तसा आवाज तिनं उभ्या संसारात ऐकला नव्हता.

"तठीच थांब! हालू नोको! करंट हाय!"

ती थांबली. पाय कोणी खुंट्याला बांधावेत तशी थांबली. मग तिनं खाली पाहिलं. तिच्या नडगीपासून वीतभर अंतरावर तार होती. लुगड्याचा सोगा वाऱ्यानं पुढे जात होता, आणि तो मागे ओढून घ्यायलासुद्धा तिचा हात हलेना.

तार ती विसरली होती. जिच्या भीतीनं ती इतके दिवस संध्याकाळी वावराकडे फिरकली नाही, तीच तार ती विसरली होती. ग्यानबासुद्धा वासराच्या नादात असाच विसरला असेल.

"पोरगं बरं हाय!" रामराव तिकडून ओरडला. "फोनवर हाय! बोलून राह्यलं! तू हालू नोको फक्त!"

आता काय सांगावं. पलीकडे फोनात तिचं लेकरू बोलत होतं, आणि अलीकडे ही उभी, आणि मधे नवऱ्यानं लावलेली तार. तिला रडू फुटलं, पण रडतानाही अंग हलेल म्हणून ती दातावर दात धरून रडत होती. रामरावानं फोन खिशात टाकला आणि खांबाकडे धावला. बांबू त्याच्या हातून एकदा निसटला. दुसऱ्यांदा आकडा निघाला, एक ठिणगी उडाली, आणि मग तो वावरातून तुडवत तिच्याकडे आला, सोयाबीनच्या शेंगा पायाखाली तडतडत होत्या आणि त्याला त्याचं काही नव्हतं. येऊन त्यानं तिला धरलं.

खिशातला फोन चालूच होता. रामरावानं आवाज मोठा केला आणि तिच्या तोंडापुढे धरला.

"माय? माय, काहून वरडून राह्यले बाबा?"

ती फक्त "हो, हो" म्हणत राहिली.

प्रज्वल सांगू लागला. झटका बसला, हातातला फोन उडाला, तो दगडांवरून घरंगळत खाली गेला आणि त्याचा चुराडा झाला. त्याला स्वतःला काहीसुद्धा झालं नव्हतं. तो उतरून त्या टपरीवर आला, तिथल्या बाईनं तिचा फोन दिला. पण आजकाल नंबर पाठ कुणाचे असतात? बाबाचा एक जुना नंबर तेवढा शाळेत असल्यापासून पाठ होता.

"तुले काय वाटलं असन ते माईत हाय मले," तो हसत म्हणाला. "तशी तार नसते माय इथी. मशीन असते, थांबून थांबून जरासा झटका सोडते. डुक्कर भेऊन पळते, मानूस मरत नाई. वरून पिवळी पाटी लावा लागते, की हात लावू नोका. म्या पाटी पाहूनच हात लावला, येडा म्या. आपल्याकडे लावतात तशी कोनी लावली ना, तर इथी सरळ जेलात टाकतात त्याले. ते काय डुकराची तार हाय? मानसं मारायची तार हाय ते."

रामरावानं फोन कानाजवळ न्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"अन् तुमी दोघंबी या टायमाले वावरात काय करून राह्यले?"

रामरावानं गोजराबाईकडे पाहिलं आणि मान हलवली. सांगू नको. ती मान तिला चांगली ओळखीची होती. तिला त्या मानेची भीती वाटली, नेहमी वाटायची तशीच वाटली. पण नडगीला अजून ती वीतभर जागा जाणवत होती.

"तुह्या बाबानं तार लावली हाये," ती म्हणाली. "आकड्याची. म्या आत्ता तिच्यावरच येऊन राह्यली होती. तुह्याच पायी पळत."

तिकडल्या टपरीवरच्या बायांचं बोलणं, पेल्यांचा आवाज तेवढा येत होता. रामराव जमिनीकडे पाहत होता.

"बाबा," प्रज्वल एवढंच म्हणाला. त्या बाईचा फोन परत द्यायचा होता. उद्या नवीन फोन घेऊन बोलतो म्हणाला, आणि ठेवला.

आता अंधार पडत होता. नाल्याकडून डुकरांचा वास येत होता, खरंच येत होता; ती जवळपासच असणार. रामराव खाकरला. "आजची रात पाहू," तो हळूच म्हणाला. "सोयाबीन उद्या सोंगनीले लावतो. एका रातीत पार आडवं करतीन ते."

"करू द्या."

ती खाली वाकली. तारेजवळ नेलेला हात तिनं दोनदा मागे घेतला. मग म्हणाली, "काढला ना आकडा?"

"काढला. तुह्यासमोरच काढला ना."

तिनं तार धरली. धरताना डोळे घट्ट मिटले होते. काही झालं नाही तेव्हा तिनं पहिली खुंटी उपटली आणि तार कोपराभोवती गुंडाळायला सुरुवात केली. तिला हे काम येत नव्हतं, तार बोटांत रुतत होती, आणि आकडा निघालेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता तरी तिचा विश्वास बसत नव्हता. प्रत्येक खुंटीशी तिला वाटायचं, आता. चार खुंट्या झाल्या की ती अंधारात विचारायची, "काढला ना हो आकडा?"

रामराव खांबाखाली जाऊन उभा राहिला होता. त्यानं तो बांबू दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरला होता, तिथे दुसरं कुणी नव्हतं तरी.

"काढला," तो म्हणायचा. "काढला. तू गुंडाळ."